रुईची धाकटी बहीण

ईरा आणि कबीर,

मागच्या रविवारी ईराने फोनवर विचारलं, "आजी, शाळेत दोन फुलझाडांची तुलना करायची आहे. वर्गीकरण आणि संवर्धनाची स्थिती. तुझ्याकडची दोन सांग ना." मी लगेच तक्ता करून पाठवला. डावीकडे रुई, उजवीकडे अंजनेरीची खरपुडी. मधली रेघ पट्टीने ओढली होती, ते तुमच्या आईच्या लक्षात आलंच. पण तो पाठवल्यावर मला चैन पडेना. त्या तक्त्यातला एकही शब्द माझा नव्हता. सगळा देवरेबाईंचा होता, आणि त्यांचं नाव मी कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत करून पाहिलं आणि जमलं नाही. नोकरीभर मी इंग्रजी शिकवलं, तरी देवरेबाई त्या भाषेत मावेनात. पहिल्याच वाक्यात 'कुळ' हा शब्द आला आणि मी अडले. तुमची आई वाचून दाखवेल. तिने मध्येच गाळलं तर मला कळवा.

मी नाशिकच्या कॉलेजात नवीन रुजू झाले त्या दिवशीची गोष्ट. स्टाफरूममध्ये खिडकीपाशी एक ठेंगण्या, सावळ्या बाई भिंगातून काहीतरी बघत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, "मालती." त्यांनी भिंग न काढताच विचारलं, "कुळ कोणतं?"

मला राग आला. शिकल्यासवरल्या बाईने पहिल्या भेटीत कुळ विचारावं! मी म्हटलं, "त्याचा इंग्रजी शिकवण्याशी काय संबंध?"

मग त्यांनी भिंगातूनच माझ्याकडे बघितलं. त्यांचा एक डोळा बशीएवढा दिसत होता. "अहो, मालती नावाचे वेल दोन आहेत. एक जाईच्या घरातला, दुसरा कण्हेरीच्या. तुम्ही कुठल्या, एवढंच विचारलं. माझंच बघा. नाव कमल. आमच्या सटाण्याच्या मळ्यात विहिरीला दोरी पुरत नव्हती, आणि आईबापांनी नाव ठेवलं कमल! नाव काय, कोणीही काहीही ठेवतं. कुळ विचारायचं, म्हणजे फसवणूक होत नाही."

त्या देवरेबाई. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असे, पण फार आनंद झाला किंवा फार राग आला की तोंडून सटाण्याची अहिराणी निघे. "हाई काय शे?" असा आवाज प्रयोगशाळेतून आला की मुलांनी समजावं, कोणीतरी जास्वंदीच्या चित्रावर गुलाबाचं नाव घातलं आहे.

झाडांशी त्या घरच्यासारखं बोलत. कॉलेजच्या कुंपणाला रुईचं झुडूप होतं. रुई तुम्ही नाशिकला आलात तेव्हा पाहिली आहे. रस्त्याकडेला कुठेही उगवते, जाड पांढुरकी पानं, जांभळट फुलं, पान तोडलं की पांढरा चीक. महापालिकेची माणसं ती दर वर्षी उपटत आणि दर वर्षी ती पुन्हा उगवे. देवरेबाई येता-जाता तिला म्हणत, "काय थोरल्या, बऱ्या आहात ना?" आणि मला सांगत, "हिची काळजी जगात कोणालाच नाही, म्हणून ही ठणठणीत आहे."

थोरली म्हटली की धाकटी आलीच. ती होती खरपुडी. खरपुडीचे प्रकार बरेच आहेत, पण ही अंजनेरीच्या डोंगरावरचीच म्हणून ओळखली जाते. गवतात गवतासारखीच उभी असते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला बोटाच्या पेराएवढं फूल येतं, अगदी कंदिलासारखं. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेलं छप्पर. लहानशी माशी आत शिरते आणि नळीतल्या केसांमुळे तिला परत फिरता येत नाही. फूल कोमेजायला लागलं, केस मऊ पडले, की सुटका. देवरेबाई म्हणत, "पाहुणीला जेवायला न घालता मुक्कामाला ठेवून घेते. वर जाताना तिच्याच अंगावर पराग लादून पाठवते. आमच्या एका मावशीचा असाच स्वभाव होता."

मी एकदा म्हटलं, "त्या धटिंगण रुईत आणि या नाजूक बयेत काय साम्य?" तर त्यांनी मला खिडकीपाशी बसवून सगळं दाखवलं. दोघींचे पराग सुटे नसतात, चिकटून पुडीसारखे होतात. "किराणा दुकानदारासारख्या. सुटं देत नाहीत, पुडी बांधून देतात." दोघींना शेंगा येतात त्या बहुतेक जोडीने, शिंगांसारख्या. आणि शेंग फुटली की बी वाऱ्यावर निघतं, डोक्यावर रेशमाचा झुबका घेऊन. त्या उडत्या बीला आपण म्हातारी म्हणतो. "तोंडवळ्यावर जाऊ नकोस, मालती. दोन झाडं एका घरातली का, हे त्यांच्या म्हातारीला विचार." तेव्हा आम्ही दोघी तरुण होतो, म्हणून मला ते फार विनोदी वाटलं.

एका सोमवारी त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, "रुईचं कुळ बुडालं."

अर्थशास्त्राचे सर वर्तमानपत्र खाली ठेवून उठले. शिपायाने पाणी आणलं. "कोण गेलं, बाई?"

"रुईकुल. अख्खं. आता म्हणे वेगळं कुळ धरायचं नाही, करवीरकुलात घालायचं. म्हणजे कण्हेरीच्या घरात. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं आणि आमच्याकडे ते आत्ता पोचलं."

सर परत बसले. "म्हणजे बँकांसारखं विलीनीकरण. खातेदारांना काही त्रास नाही ना?"

"त्रास मला आहे! इतक्या वर्षांचे तक्ते बदलायचे." पण तक्ते बदलताना त्या मनातून खूश होत्या, हे मला दिसत होतं. एवढं मोठं घर झालं, आणि त्यात थोरली आणि धाकटी अजूनही एकाच ओसरीवर. त्या म्हणाल्या, "कुळ बदललं तरी बहिणी बहिणीच राहिल्या."

तक्त्याची दुसरी ओळ, संवर्धनाच्या स्थितीची, मात्र त्यांना हसू देत नसे. तिथे रुईखाली लिहायचं, काळजीचं कारण नाही. खरपुडीखाली लिहायचं, अतिसंकटग्रस्त. म्हणजे जगात थोडीच उरली आहे आणि तीही जाऊ शकते. दर भाद्रपदात त्या अंजनेरीवर जात. ती नेमकी कुठे उगवते, हे त्यांनी कितीतरी वर्षं मलासुद्धा सांगितलं नाही. "तुझ्या पोटात राहील, पण तुझ्या चेहऱ्यावर लपणार नाही." पुढे नेऊ लागल्या तेव्हा पाहिलं. पठाराच्या दोन उतारांवर ती होती, वाटेच्या अलीकडे आणि पलीकडे. एका पावसाळ्यात पलीकडच्या उतारावर दरड आली आणि तिथली सगळी गेली. राहिली ती अलीकडची, वाटेला अगदी लागून, जिथून माणसं जातात. त्या दिवशी देवरेबाई उतरताना वळून वळून पलीकडे बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "मना जीव लागत नही वं आते." म्हणजे, माझं मन लागत नाही गं आता.

आता आमच्या हास्य क्लबाबद्दल. आम्ही दोघी निवृत्त होऊन गंगापूर रोडला जवळजवळच राहत होतो. सकाळी बागेत म्हाताऱ्यांचा एक क्लब जमतो आणि हात वर करून मोठमोठ्याने हसतो. अध्यक्ष बागूलभाऊ, मूळचे नांदगावकडचे, आवाज मैदानी. कोविडनंतरच्या पावसाळ्यात त्यांच्या फोनवर एक संदेश आला: मारुतीच्या जन्मस्थानी, अंजनेरीच्या डोंगरावर, खरी संजीवनी अजून उगवते, फूल दिव्यासारखं, कंद खाल्ला की गुडघेदुखी मुळापासून जाते.

तुम्ही हसाल. पण विचार करा, मारुतीने संजीवनीसाठी डोंगर उचलला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. त्याच्याच जन्मगावचा डोंगर, त्यावर दिव्यासारखं फूल. आणि सगळ्या क्लबाचे गुडघे दुखत होते. शनिवारची बस ठरली. वाट दाखवायला कोण? अर्थातच देवरेबाई!

"नाही म्हणून टाका," मी म्हटलं.

"मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कोणाला नेतील, आणि तो दाखवेल." त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. "एकच उतार राहिला आहे, मालती. एवढी माणसं खुरपी घेऊन गेली, तर संध्याकाळपर्यंत जगातली खरपुडी यांच्या पिशव्यांत असेल."

ज्यांचे गुडघे जरा तरी शाबूत होते ते सगळे आले. चढाच्या सुरुवातीला वनखात्याचा फलक होता. बागूलभाऊंनी तो मोठ्याने वाचला, "झाडे तोडू नयेत." आणि मागे वळून म्हणाले, "बरोबर हाय. आपण तोडणार नाय. आपण मुळासकट काढणार."

देवरेबाईंचा बेत साधा होता. थांबायचं नाही, बोलत ठेवायचं आणि सरळ देवळापर्यंत न्यायचं. पठारापर्यंत बेत जमला. मग बागूलवहिनींना दम लागला आणि त्या मटकन वाटेकडेला बसल्या. नेमक्या खरपुडीच्या शेजारी. मी देवरेबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अगंबाई, हे बघा!" वहिनी ओरडल्या. "गवतात कोणी कंदील लावलाय!"

बागूलभाऊ धावत आले. फोन काढला. "हीच! फोटो जुळतो!"

"फोटोतलं फूल गुलाबी आहे," देवरेबाई म्हणाल्या.

"मोबाइलचा रंग तसाच येतो. बाई, तुम्ही सांगा, हीच ना संजीवनी?" पिशवीतून खुरपं बाहेर आलंसुद्धा.

मला माहीत होतं, झाडाचं नाव खोटं सांगणं त्यांना जमणार नाही. त्यासाठी त्यांनी कितीक मुलं नापास केली होती. त्यांनी एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, "ही संजीवनी नाही. ही रुईची धाकटी बहीण."

"रुई? आपल्या बागेच्या कुंपणाची?"

"तीच. एका घरच्या दोघी."

क्लबात जोशीगुरुजी होते. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर विधी सांगायचं काम. ते ताबडतोब दोन पावलं मागे सरले. "रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, बागूल. ठेवा ते खुरपं." बागूलभाऊंनी निमूट खुरपं पिशवीत टाकलं. मी सुटकेचा श्वास सोडला. कुळ सांगून काम झालं होतं, आणि एक अक्षरही खोटं नव्हतं.

पण बागूलवहिनी टाळी वाजवून म्हणाल्या, "अहो, मग हे तर फारच छान! शनिवारी मारुतीला रुईचीच माळ लागते. ही रुईची बहीण, आणि देवाच्या माहेरची! हिचीच माळ करू या." त्यांच्या पिशवीत दोरा कायम असतो. क्षणात चार-पाच बायका खाली वाकल्या.

"माय वं!" देवरेबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की वाकलेल्या बायका तशाच राहिल्या. "हात लावू नका! सुतक आहे!"

तुम्हाला सुतक सांगायला हवं. घरात कोणी वारलं की त्या कुळातल्या माणसांनी काही दिवस देवाला शिवायचं नसतं, पूजा करायची नसते. त्याला सुतक म्हणतात.

"कोणाला सुतक?" वहिनींनी विचारलं.

"हिला. हिच्या घरात दर वर्षी कोणी ना कोणी जातं. पलीकडच्या उतारावर हिचं सगळं गोत होतं. दरडीखाली गेलं. पायाखाली येऊन जातात, ती वेगळीच. ही समोर दिसतात ना, एवढीच उरली आहेत. जगात." त्या गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, सुतकातल्या घरचं फूल देवाला चालतं का?"

"नाही चालत," गुरुजी सवयीने म्हणाले.

"थांबा," बागूलवहिनी म्हणाल्या. त्या वकिलाच्या कन्या. "रुई आणि ही एका घरच्या म्हणालात. मग रुईलाही सुतक लागेल. पण तिची माळ तर आम्ही दर शनिवारी घालतो!"

सगळे देवरेबाईंकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना तोंडी परीक्षा घेताना पाहिलं होतं, देताना पहिल्यांदाच पाहत होते.

"घर एक, पण चुली वेगळ्या," त्या सावकाश म्हणाल्या. "मोठ्या कुळात पोटकुळं असतात, त्यात आणखी शाखा असतात. मी बहीण म्हणते ती प्रेमाने. हिशोबाने पाहिलं तर रुई दुसऱ्या शाखेतली, पिढ्यांनी लांबची. गुरुजी, लांबच्या भाऊबंदांना किती सुतक?"

"तीन दिवस. त्याहून लांबचे असतील तर नुसती आंघोळ."

"मग रुईची झाली आंघोळ. काल केवढा पाऊस पडला!"

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "शास्त्रात बसतं," ते म्हणाले.

बायका मागे सरल्या. दोघी-तिघींनी हात जोडले. गुरुजींना राहवेना, ते बाटलीतलं पाणी तिच्या मुळाशी घालायला निघाले, तर देवरेबाई पुन्हा ओरडल्या, "पाणी नको, कंद कुजेल!" बागूलभाऊ टोपी काढून उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "हिचं फिटणार कधी, बाई?"

"घर पुन्हा भरलं की. तोवर उपटायचं नाही, तुडवायचं नाही, शेंग फुटून म्हातारी उडेपर्यंत वाट बघायची."

उतरताना सगळे पुढे गेले आणि आम्ही दोघी मागे राहिलो. मला हसू आवरत नव्हतं, त्या मात्र खाली बघत चालत होत्या. त्यांचे यजमान गेले तेव्हा दहावं व्हायच्या आत त्या प्रयोगशाळेत हजर झाल्या होत्या आणि गावभर बोलणी खाल्ली होती. सुतक त्यांनी स्वतः कधी पाळलं नव्हतं.

"जन्मभर शास्त्र शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि वेळ आली तेव्हा सुतक सांगून आले. खोटं बोलले का गं मी?"

"तुम्ही अतिसंकटग्रस्त या शब्दाचं भाषांतर केलंत. मी भाषेची शिक्षिका आहे. मी पूर्ण मार्क दिले असते."

"तुझी भाषा आहे, माझं शास्त्र आहे. मला चालायचं नाही." आणि त्यांना खरंच चाललं नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या क्लबाला बागेत बसवलं आणि तक्ता काढून दोन्ही रकाने समजावले. ही संजीवनी नाही, गुडघ्यांशी हिचा काही संबंध नाही, सुतक मी पदरचं सांगितलं. ही थोडी आहे, दुसरीकडे कुठे असल्याचं माहीत नाही, आणि गेली की गेली. एवढं सांगून त्या अपराध्यासारख्या उभ्या राहिल्या.

बागूलभाऊ म्हणाले, "म्हंजे सुतकच की, बाई! तुम्ही लय फिरवून सांगता."

त्यानंतर भाद्रपदातल्या शनिवारी बागूलभाऊ पठारावर पहाऱ्यालाच जाऊ लागले. मोबाइलवर नाचाचे व्हिडिओ काढणारी मुलं वाट सोडून गवतात शिरली की यांचा मैदानी आवाज येई, "ए, तिकडं नाय! सुतक हाय तिथं!"

"कोणाचं, काका?"

"रुईच्या बहिणीचं!"

मुलं एकमेकांकडे बघत, पण निमूट वाटेवर येत. हे ऐकून देवरेबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. हास्य क्लबात त्या कधीच आल्या नाहीत. त्यांना कारणाशिवाय हसता येत नसे.

गेल्या हिवाळ्यात त्या सटाण्याला, भाच्याच्या घरी गेल्या. आजारपण थोडंच झालं. शेवटच्या भेटीत मी हात धरून बसले होते, तर म्हणाल्या, "तुझं राहिलंच की वं, मालती. जाईच्या घरची का कण्हेरीच्या?" मी म्हटलं, "तुम्ही सांगाल तिथली." त्यांनी डोळे मिटले. "कण्हेरीच्याच घरात ये. गर्दी आहे, पण माणसं चांगली आहेत."

यंदाच्या भाद्रपदात बागूलभाऊ आणि गुरुजींनी मला हाताला धरून अंजनेरीवर नेलं. अलीकडचा उतार आम्ही वाटेवर उभं राहूनच पाहिला. मग बागूलभाऊंनी पलीकडे बोट दाखवलं. दरडीच्या मातीवर आता गवत आलं आहे. वाऱ्याबरोबर बी गेलं असणार. त्या गवतात दोन-तीन कंदील होते.

ईरा, तुझ्या तक्त्यात काही बदलू नकोस. रुईची काळजी नाही आणि खरपुडी अतिसंकटग्रस्तच आहे. पण पठाराच्या दोन्ही उतारांवर ती आज आहे.

तुमची,
आजी